पडदा मोठा, टेबल अरुंद

मागील अंकात एका वाचकाला फोर-के मॉनिटरविषयी चार ओळींचे उत्तर देताना 'आधी टेबलाची खोली मोजा, मग पडद्याचे इंच ठरवा' असे लिहिले होते. त्या एका वाक्यावर मराठवाड्यातून इतकी पत्रे आली, की या वेळचे सारे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : उदगीरला आमचे अक्षरजुळणीचे आणि छपाईचे लहान दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, बिलबुके अशी कामे असतात. सध्याचा पडदा २४ इंची, फुल एचडी आहे. त्यावर प्रूफ तपासताना निसटलेल्या चुका कागदावर उतरल्यानंतर दिसतात. एका मित्राकडे ३२ इंची फोर-के मॉनिटर पाहिला, पण त्यावर पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅमचे मेनू मुंगीएवढे दिसत होते. पडदा मोठा घेऊन अक्षर लहानच होणार असेल, तर उपयोग काय? की सरळ ४३ इंची घ्यावा? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : मित्राकडे आपण पाहिलेला दोष पडद्याचा नसून त्याच्या मांडणीचा आहे. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात. फोर-केवर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट असतात. आपल्या पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ पिक्सेल बसतात, तर ३२ इंची फोर-केवर सुमारे १३८. विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरे आणि मेनू मोठे करण्याचे प्रमाण, १०० टक्के ठेवले, की अक्षर पूर्वीइतक्याच पिक्सेलांत काढले जाते आणि पडदा दीडपट दाट असल्यामुळे ते दोन तृतीयांश आकाराचे होते. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये हेच प्रमाण १५० टक्के केले, तर अक्षर आपल्या सवयीच्या आकाराचे राहते आणि तेच अक्षर काढायला सव्वादोन पट पिक्सेल मिळतात. फोर-केचा खरा लाभ हा आहे. पडद्यावर जास्त खिडक्या मावतात, हा त्यानंतरचा.

हा लाभ रोमन लिपीपेक्षा देवनागरीत अधिक जाणवतो, असे माझे मत आहे. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांची गर्दी असते, खाली उकार आणि ऋकार लोंबत असतात आणि मधल्या पट्ट्यात 'षष्ट्यब्दी'सारखी जोडाक्षरे कोंबलेली असतात. 'द्घ' आणि 'द्ध' यांतला फरक तर जेमतेम एका गाठीचा आहे. 'उद्घाटन समारंभ' हा शब्द 'उद्धाटन' असा जुळला, तर कमी दाट पडद्यावर दोन्हींच्या जागी सारखाच काळा ठिपका दिसतो आणि प्रूफ तपासणारा निर्धास्त पुढे जातो. पत्रिका वाटून झाल्यावर मात्र पहिल्या रांगेत बसलेले निवृत्त गुरुजी नेमके तेवढेच दाखवतात. आपल्या दुकानात पुढच्या वेळी हा प्रयोग करून पाहावा : हे दोन शब्द बारा पॉइंटांत एकाखाली एक जुळवावेत, पानाचा आकार शंभर टक्के ठेवावा आणि नेहमीच्या अंतरावर बसून त्यांतला फरक कळतो का ते पाहावे.

आता ३२ की ४३. निकोप डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखू शकतो, असा हिशेब नेत्रशास्त्रात धरला जातो. त्या हिशेबाने २४ इंची फुल एचडीचे ठिपके सुमारे ९५ सेंटिमीटर अंतरापर्यंत सुटे जाणवू शकतात, ४३ इंची फोर-केचे सुमारे ८५ पर्यंत, ३२ इंचीचे सुमारे ६३ पर्यंत आणि २७ इंचीचे सुमारे ५३ पर्यंत. दुकानात आपण पडद्यापासून ६० ते ७० सेंटिमीटरवर बसत असणार. त्या अंतरावर ३२ इंचीचे ठिपके नजरेतून जवळजवळ नाहीसे होतात, तर ४३ इंचीचे होत नाहीत. ४३ इंची फोर-के म्हणजे साडेएकवीस इंची चार फुल एचडी पडदे मधल्या चौकटी काढून जोडल्यासारखा प्रकार आहे. त्यावर जागा भरपूर मिळते, पण अक्षराची सुबकता आपल्या सध्याच्या पडद्यापेक्षा थोडीच वाढते. आपली अडचण सुबकतेची आहे, जागेची नव्हे. त्यामुळे आपण ३२ इंची घ्यावा.

छपाईवाल्याला त्यात आणखी एक सोय आहे. आपल्या २४ इंची पडद्याची उंची सुमारे २९९ मिलिमीटर आहे आणि ए-फोर कागदाची २९७. म्हणजे मेनू आणि पट्ट्या धरल्यावर एक पानही खऱ्या आकारात पूर्ण दिसत नाही. ३२ इंची पडदा सुमारे ७०८ मिलिमीटर रुंद आणि ३९८ मिलिमीटर उंच असतो. त्यावर स्मरणिकेची समोरासमोरची दोन पाने खऱ्या आकारात, वर मेनू आणि बाजूला साधनांची पेटी ठेवूनही मावतात. गिऱ्हाईक शेजारी बसून 'अक्षर एवढेच येणार का?' असे विचारते, तेव्हा खरा कागद पडद्याला लावून दाखवता येतो.

पेजमेकरचे दुखणे वेगळे आहे. त्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ साली आली. त्या काळी इतके दाट पडदे कोणाच्या टेबलावर नव्हते. ते उघडण्याच्या चिन्हावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, मग 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' येथे जावे आणि तेथील ओव्हरराइडच्या चौकटीत 'ॲप्लिकेशन' निवडलेले असल्यास ते बदलून 'सिस्टिम' किंवा 'सिस्टिम एन्हान्स्ड' करावे. मेनू वाचण्याजोगे मोठे होतील, मात्र थोडे धूसर दिसतील आणि पानावरचे अक्षरही नव्या प्रोग्रॅमइतके रेखीव दिसणार नाही. म्हणून जुळणी पेजमेकरमध्ये करून प्रूफ पीडीएफवर तपासावे. पीडीएफ दाखवणारे आजचे प्रोग्रॅम पडद्याचे सगळे पिक्सेल वापरतात आणि 'द्घ'-'द्ध'ची गाठ तेथे उघडी पडते.

प्रश्न : लॅपटॉपला नवा फोर-के मॉनिटर जोडला, पण माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा रखडतो. मॉनिटर बदलून घ्यावा का? (एक विद्यार्थिनी, सेलू, जि. परभणी)

उत्तर : बदलू नये. डिस्प्ले सेटिंग्जमधील 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र काढतो, तो पाहावा. तेथे बहुधा ३० हर्ट्झ दिसेल. चित्र नेणाऱ्या केबलीच्या एचडीएमआय १.४ या जुन्या मानकात फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते, तर २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये ६० वेळा. लॅपटॉपचे छिद्र जुन्या मानकाचे असेल, तर केबल बदलून काही होणार नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या टाइप-सी छिद्रातून चित्र बाहेर येते का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. येत असेल तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्यावी. स्वस्त हबवर, म्हणजे एका छिद्राची अनेक छिद्रे करणाऱ्या डबीवर, 'फोर-के' असे ठळक छापलेले असते आणि '३० हर्ट्झ' बारीक अक्षरांत. ती बारीक अक्षरे वाचून मगच पैसे द्यावेत. लॅपटॉपचे छिद्र २.० चे असेल, तर 'प्रीमियम हाय स्पीड' अशी चिठ्ठी असलेली केबल पुरेल.

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आरेखन विभागात आहे आणि आठवड्यातील दोन दिवस घरून काम करतो. संध्याकाळी नववीतला मुलगा त्याच संगणकावर गेम खेळतो. ४३ इंची फोर-के टीव्ही मॉनिटरच्या मानाने बराच स्वस्त मिळतो. तो टेबलावर ठेवला तर चालेल का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : चालेल; परंतु चार गोष्टी दुकानातच तपासाव्यात, कारण घरी आणल्यावर त्या दुरुस्त होत नाहीत.

पहिली गोष्ट रंगाची. अनेक टीव्ही संगणकाकडून आलेल्या चित्रातील उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती निम्म्या बारकाईने दाखवतात. सिनेमात हे कळत नाही. पण काळ्या पार्श्वभूमीवरची लाल आणि निळी बारीक रेष, म्हणजे नेमका आपला ऑटोकॅडचा पडदा, त्यामुळे फासल्यासारखा दिसतो. दुकानात लॅपटॉप नेऊन निळ्यावर लाल अक्षरे लिहून पाहावीत. अक्षरे पसरलेली दिसली, तर टीव्हीच्या इनपुटच्या यादीत त्या छिद्राला 'पीसी' असे नाव देऊन पुन्हा पाहावे. काही टीव्हींत एवढ्याने प्रश्न सुटतो. सुटला नाही तर दुसरा टीव्ही पाहावा. दुसरी गोष्ट उपपिक्सेलांची, म्हणजे प्रत्येक पिक्सेल ज्यांनी बनतो त्या रंगीत ठिपक्यांची. स्वस्त फोर-के टीव्हींपैकी काहींत लाल, हिरव्या आणि निळ्यासोबत पांढरा ठिपका घालून संख्या भरून काढलेली असते, तर काहींत लाल-निळ्यांचा क्रम उलटा असतो. अशा पडद्यावर लहान अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. उलट्या क्रमावर विंडोजमधील क्लिअरटाइप या अक्षरे रेखीव करणाऱ्या सोयीची जुळवणी चालते, पांढऱ्या ठिपक्यावर कसलाच इलाज नाही. तिसरी गोष्ट मुलाच्या जिव्हाळ्याची : टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, त्यामुळे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांत अंतर पडते. 'गेम मोड' लावल्यावर ते बरेच कमी होते. तो नसलेला टीव्ही घेऊ नये. चौथी गोष्ट किरकोळ, पण रोज छळणारी आहे. संगणक झोपला म्हणजे मॉनिटर झोपतो आणि तो जागा झाला म्हणजे जागा होतो. टीव्हीला मात्र पुष्कळदा रिमोट दाखवावा लागतो, आणि रिमोट नेहमी दिवाणाखालीच असतो.

एवढे जमले तरी टेबलाचा प्रश्न उरतोच. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. ६० सेंटिमीटरवर बसले, तर त्याची प्रत्येक कड नजरेच्या मध्यापासून सुमारे ३८ अंशांवर जाते. तेथे काय लिहिले आहे हे पाहायला मान वळवावी लागते आणि डोळ्याचे अंतरही ६० वरून सुमारे ७७ सेंटिमीटरवर बदलते. दिवसभर डावीकडच्या कोपऱ्यातील थरांची यादी आणि उजवीकडच्या गुणधर्मांचा रकाना पाहत बसले, की संध्याकाळी खांद्यात कळ येते. हाच पडदा ८५ सेंटिमीटरवर नेला, तर कडा २९ अंशांवर येतात आणि त्रास पुष्कळ कमी होतो. बाजारात मिळणारे अभ्यासाचे टेबल साधारण दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर खोल असते आणि टीव्हीचे पाय त्यातले २० सेंटिमीटर खातात. म्हणून टीव्ही भिंतीवर बसवावा आणि टेबल भिंतीपासून फूटभर पुढे ओढावे, किंवा सुताराकडून अडीच-तीन फूट खोलीची फळी करून घ्यावी. एवढ्या जागेची तयारी नसल्यास ३२ इंची मॉनिटरच बरा. किमतीतला फरक मोजताना एक लक्षात असू द्यावे, की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील पडद्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचे जुने दरपत्रक दाखवणाऱ्या दुकानदाराला याची आठवण करून द्यावी.

प्रश्न : पुण्यातील कंपनीचे काम मी अंबाजोगाईजवळच्या गावी आमच्या जुन्या माळवदाच्या घरातून करतो आणि रात्री गेम खेळतो. फुल एचडीवर सगळे गेम सुरळीत चालतात. फोर-के घेतला तर ग्राफिक्स कार्डही बदलावे लागेल, असे मित्र म्हणतात. खरे आहे का? (एक वाचक, ता. अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : मित्र म्हणतात ते अर्धे खरे आहे. पिक्सेल चौपट झाले म्हणजे कार्डाचे कामही जवळपास त्या प्रमाणात वाढते आणि फुल एचडीवर सेकंदाला शंभर चित्रे काढणारे कार्ड फोर-केवर तीस-चाळीसवर येणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु काम फोर-केवर करायचे म्हणून गेमही फोर-केवरच खेळला पाहिजे, असा दंडक नाही. हा मुद्दा दुकानदार सहसा सांगत नाहीत; ते का सांगत नाहीत, हे आपण ओळखले असेल.

पहिली वाट म्हणजे एनव्हीडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर किंवा इंटेलचे एक्सईएसएस. यांत गेम आतल्या आत कमी पिक्सेलांत काढला जातो आणि मागाहून हिशेबाने फोर-केपर्यंत वाढवला जातो. पडदा फोर-के असताना 'क्वालिटी' निवडले, तर आतले चित्र सामान्यतः २५६० गुणिले १४४० चे असते, आणि 'परफॉर्मन्स' निवडले तर १९२० गुणिले १०८० चे. डोंगर, गवत, गाड्या यांच्या गेममध्ये 'क्वालिटी'चे चित्र आणि खरे फोर-के यांतला फरक शोधण्यापेक्षा खेळण्यात वेळ घालवावा, असे मी म्हणेन. दुसरी वाट जुन्या गेमसाठी आहे. फोर-के फुल एचडीच्या आडवे-उभे बरोबर दुप्पट असल्यामुळे फुल एचडीचा एक पिक्सेल फोर-केच्या चार पिक्सेलांत अचूक बसतो. कार्डाच्या सेटिंगमध्ये 'इंटीजर स्केलिंग' असेल तर ते चालू करावे. चित्र चौकटी-चौकटीचे दिसले, तरी धुरकट दिसणार नाही. तिसरी वाट नेमबाजीच्या गेमसाठी आहे : कार्डाच्या सेटिंगमधील स्केलिंग बंद करून गेम २५६० गुणिले १४४० वर लावावा. पडद्याच्या मधोमध दोन तृतीयांश मापाचे चित्र येते आणि कडेला काळे राहते. ३२ इंची पडद्यावर ते २१ इंचांचे, म्हणजे जरा लहानच होते. ४३ इंचीवर मात्र साडेअठ्ठावीस इंचांचे, अगदी सोयीचे होते.

वेगाविषयी एक हिशेब. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९. आपण मुख्यतः ऑनलाइन नेमबाजी खेळत असाल, तर ६० हर्ट्झचा फोर-के घेण्यापेक्षा २७ इंची, २५६० गुणिले १४४० चा, १४४ हर्ट्झचा पडदा घ्यावा. त्याचे पिक्सेल सुमारे ३६.९ लाख आहेत आणि आपले सध्याचे कार्ड त्यावर बहुधा तग धरेल. काम आणि खेळ यांचे पारडे समान असेल, तर १२० किंवा १४४ हर्ट्झचा ३२ इंची फोर-के घ्यावा, म्हणजे पुढे कधी कार्ड बदलले की पडदा बदलावा लागणार नाही. त्यासाठी एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ हवे. पेटीवर 'एचडीआर ४००' असे लिहिलेले पाहून दोन पैसे जास्त देऊ नयेत; ती खूण मुख्यतः पडदा ४०० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचे माप) उजळतो हे सांगते, काळे अगदी गडद होईल याची हमी देत नाही.

माळवदाच्या घराविषयी दोन शब्द. जाड भिंतींमुळे ती खोली उन्हाळ्यातही संगणकाला मानवते, हे आपले भाग्य आहे. मात्र झरोक्याएवढ्या उजेडात ३२ इंचांचा पांढरा पडदा समोरून मारलेल्या बॅटरीसारखा डोळ्यांवर येतो. पडद्यामागच्या भिंतीवर एक मंद दिवा लावावा आणि पडद्याचा उजेड खाली आणावा. किती, हे ठरवायला पडद्याशेजारी एक कोरा कागद धरावा आणि पडद्यावरचे रिकामे पान त्या कागदाइतकेच पांढरे दिसेपर्यंत उजेड कमी करत जावे. माझ्या आजोळच्या माळवदातून बारीक माती झरत असे, पावसाळ्यापूर्वी जरा जास्तच. तशी आपल्याकडे झरत असेल, तर टेबलाच्या वर छताखाली जुने लुगडे आडवे बांधावे आणि पडदा पुसताना आधी मऊ कुंचल्याने माती झटकून मगच ओले फडके लावावे, नाही तर ती मातीच पडद्यावर चरे पाडते.

प्रश्न : मी कर सल्लागार आहे, वय ४७. मार्चअखेरीच्या कामासाठी ३२ इंची पडदा घेतला. एकाच वेळी टॅली, एक्सेल आणि विवरणपत्र समोर राहते, ही सोय फार मोठी आहे. पण दुपारनंतर मान आणि कपाळ दुखते. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. पडदा डोळ्यांना बाधतो आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरचा भाग लांबचे, खालचा भाग हातातले वाचण्यासाठी आणि मधली अरुंद पट्टी संगणकाच्या अंतरासाठी असते. लहान पडदा त्या मधल्या पट्टीत मावत होता; ४० सेंटिमीटर उंचीचा पडदा मावत नाही. वरच्या कोपऱ्यातले आकडे स्पष्ट दिसावेत म्हणून आपण नकळत हनुवटी वर करता आणि खालच्या पट्टीतून पाहता. दिवसभर छताकडे तोंड करून बसल्यावर मान दुखणारच. एखाद्याला शेजारी उभे करून, आपण काम करीत असताना बाजूने फोटो काढायला सांगावा. मी म्हणतो ते त्यात दिसेल.

त्यावर उपाय असा. पडदा शक्य तेवढा खाली आणावा, वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा चार-पाच बोटे खाली असावी आणि पडदा किंचित मागे कलता असावा. मॉनिटरसोबतचा स्टँड तेवढा खाली जात नसेल, तर तो काढून मागच्या चार स्क्रूंवर टेबलाला पकडणारा हात बसवावा. हे स्क्रू बहुतेक मॉनिटरांत १०० गुणिले १०० मिलिमीटरवर असतात. त्यानंतर टेप घेऊन डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि तो आकडा घेऊनच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. केवळ त्या अंतराचा, एकाच नंबरचा चष्मा संगणकापुरता करून घेता येतो. आपल्या व्यवसायात तो खर्च पहिल्या मार्चमध्येच वसूल होईल. 'संगणकासाठी चष्मा द्या' एवढेच सांगितले, तर नंबर लॅपटॉपच्या अंतराचा निघण्याची शक्यता असते.

खिडक्या कशा मांडता, यावरही बरेच अवलंबून असते. ज्यात आकडे भरायचे ती खिडकी पडद्याच्या मध्यभागी खालच्या बाजूला असावी आणि केवळ संदर्भाला लागणारी कडेला असावी. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइज संचातील फॅन्सीझोन्समध्ये पडद्याचे हवे तसे भाग आखून ठेवता येतात. शिफ्ट दाबून खिडकी ओढली, की ती त्या भागात चपखल बसते. तीन समान उभे भाग पाडण्याचा मोह होतो, तो टाळावा. मधला भाग निम्म्या रुंदीचा ठेवावा आणि उरलेले निम्मे दोन बाजूंना वाटावे. डोळ्यांच्या कोरडेपणाविषयी आपण लिहिलेले नाही, तरी पडद्यासमोर पापण्या कमी लवतात हे ठाऊक असावे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा नियम सोपा आहे. त्यासाठी रस्त्यापलीकडचे झाड ठरवून ठेवावे, मोबाइल नव्हे.

प्रश्न : आमची खोली पत्र्याची आहे. मे महिन्यात आत भट्टी होते आणि लाईट दिवसातून चार-पाच वेळा जाते. घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की संगणक बंद पडतो. मोठा पडदा घ्यावा की नाही? (एक वाचक, ता. वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : पडदा या गोष्टींत सर्वांत कमी दोषी आहे. ३२ इंची फोर-के मॉनिटर साधारण ४० ते ६० वॅट घेतो, म्हणजे छताच्या एका जुन्या पंख्याहून कमी. गेम खेळताना वीज खाते ते ग्राफिक्स कार्ड. मधल्या दर्जाचे कार्डही २०० वॅटच्या आसपास जाते.

आपल्या इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक लहान खटका असेल, त्यावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असे लिहिलेले असते. पंखे आणि दिवे चालवण्यासाठी तो बहुतेक घरांत 'नॉर्मल'वर ठेवलेला असतो. त्यात विजेकडून बॅटरीवर जायला लागणारा वेळ संगणकाला सोसत नाही. खटका 'यूपीएस'वर करावा. तरीही संगणक बंद पडत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी तरंगाचा आहे का ते पाहावे. संगणकाच्या चांगल्या पॉवर सप्लायचे अशा तरंगाशी पुष्कळदा पटत नाही आणि साइन, म्हणजे गुळगुळीत लाटेसारख्या, तरंगाच्याशी पटते. ६०० व्हीएचा लहान यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत पेलतो. काम जतन करायला तो पुरेल, गेम पुरा करायला नाही.

उष्णतेचा विचार मात्र गंभीरपणे करावा. मॉनिटर सामान्यतः ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली त्याहून अधिक होते. दुपारी बारा ते चार संगणक बंद ठेवणे जमत असेल तर ठेवावा. पत्र्याखाली तट्ट्याचे किंवा थर्माकोलचे छत करावे आणि पडदा भिंतीला अगदी चिकटवू नये. कूलर लावत असाल, तर त्याचा झोत थेट पडद्याच्या मागच्या जाळीवर येणार नाही असा फिरवावा, कारण त्या झोतात ओलावा असतो आणि गवताच्या जाळ्यांतून आलेली धूळही. आपल्या खोलीत ओएलईडी पडदा घेऊ नये. एकच चित्र बराच वेळ राहिले तर त्याचा डाग पडण्याची त्याची खोड आहे आणि उष्णतेने ती वाढते.

प्रश्न : किनवटला मोठी दुकाने नाहीत, त्यामुळे मॉनिटर मागवावा लागेल किंवा नांदेडहून आणावा लागेल. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, किनवट, जि. नांदेड)

उत्तर : याचे उत्तर मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. दोन वर्षांपूर्वी मी मागवलेला ३२ इंची पडदा पेटीतून काढून जोडला, तेव्हा त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखी तडे गेलेली रेघ उमटली. पेटीला बाहेरून ओरखडाही नव्हता. विकणाऱ्याने पेटी उघडतानाची चित्रफीत मागितली आणि ती माझ्याकडे नव्हती. चूक माझीच होती, असे लिहिताना आजही जिवावर येते.

म्हणून चित्रफितीत पेटीवरची चिठ्ठी, चिकटपट्टी फोडणे, पडदा बाहेर काढणे आणि तो पहिल्यांदा उजळणे हे सारे न थांबता आले पाहिजे. काढताना दोघांनी खालची आणि बाजूची चौकट धरावी. समोरच्या काचेवर तळहात टेकवू नये. नांदेडहून आणत असाल, तर पेटी जीपमध्ये किंवा एसटीच्या डिकीत आडवी टाकू नये, उभीच ठेवावी आणि तिच्यावर काही रचू नये. पातळ पटल आडवे असताना खड्ड्यागणिक मधोमध वाकते, आणि त्या रस्त्याविषयी आपल्याला मी काय सांगावे.

जोडल्यावर पडद्यावर एकेक करून पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा रंग आणावा आणि मेलेले पिक्सेल शोधावेत. एखादा सापडला तर बदलून मिळेलच असे नाही. आयएसओ ९२४१-३०७ या मानकातील दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे काही सदोष पिक्सेल चालतात आणि फोर-केवर तर ८३ लाख आहेत. म्हणून विकत घेण्यापूर्वीच 'किती मेलेले पिक्सेल असल्यास बदलून द्याल?' हे विचारून लेखी घ्यावे. रिकामी पेटी आणि आतले थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावे. पडदा परत पाठवायची वेळ आली, तर त्या मापाची दुसरी पेटी किनवटमध्येच काय, नांदेडमध्येही सहज मिळत नाही.